भोंगाकाकांच्या गळ्याची गाठ

बसस्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे ते माइकवरून सांगायचं, हे भोंगाकाकांचं काम. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं. एरवी ड्रायव्हर-कंडक्टर सगळे त्यांना भोंगा म्हणत आणि नवी पोरं मान राखून भोंगाकाका. माइकपुढे आवाज खणखणीत, पण समोर डॉक्टर, साहेब, असं कुणी उभं राहिलं की काकांचा आवाज घशातच विरायचा. अशा वेळी घरातर्फे बोलायचं खातं काकूंकडे होतं.

म्हणून गळ्यावर गाठ आली आणि सर्जननी ऑपरेशन करायला सांगितलं, तेव्हा काकांनी काहीच विचारलं नाही. राउंडवर आलेले सर्जन उभ्या उभ्या म्हणाले की साधंच ऑपरेशन आहे, घाबरायचं कारण नाही. सिस्टरनी कागद पुढे केला आणि त्यांनी बोट दाखवलं तिथे काकांनी सही केली. काकू तेवढ्यात औषधं आणायला खाली गेल्या होत्या.

घात केला तो शेजारच्या खाटेवरच्या गवंड्याने. ऑपरेशनच्या सकाळी त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं गळ्याचंच ना? आमच्या साडूचं झालं. तेव्हापासून त्याचा आवाज गेला तो गेलाच."

काकांच्या घशाला अशी कोरड पडली की गिळता येईना. रात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं सिस्टरनी बजावलं होतं. पण काकू तोंड धुवायला गेल्या आणि काकांनी त्यांच्या फ्लास्कमधला चहा ओतून घटाघटा प्यायला, वर दोन बिस्किटं खाल्ली. सिस्टरनी येऊन विचारलं, काही खाल्लं-प्यायलं नाही ना? काकांनी नकारार्थी मान हलवली.

थिएटरबाहेरच्या खोलीत गारठा होता. दारापलीकडे पत्र्याच्या ताटात हत्यारं ठेवल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला काका डोळे मिटत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनीही उपाशी आहात ना, असं विचारलं. काकांनी या वेळी होकारार्थी मान हलवली. मग बाई म्हणाल्या, "मनात काही असेल तर आत्ता विचारा. तो तुमचा हक्कच आहे. आणि मला मात्र सगळं खरं सांगा, तेवढं तुमच्याकडे लागलं."

बाई वळल्या तेव्हा काकांनी त्यांची बाही धरली.

"चहा घेतलाय मी. आणि बिस्किटं."

बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. भुलीत हे वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, तर तुम्हाला परत आणणं कठीण होतं."

आपण मान हलवून किती सहज मरणार होतो, ते काकांना आत्ता कळलं. त्याच भयात अडकलेला प्रश्नही बाहेर पडला, "माझा आवाज जाणार का? माइकवर बोलतो मी. माझं पोटच त्यावर आहे."

हे कुणी समजावलंच नाही का, असं बाईंनी विचारलं आणि सर्जनना बोलावून घेतलं. ते वैतागलेले होते. दिवसाचं सगळं वेळापत्रक कोलमडलं होतं. पण आज केस होणार नाही आणि पेशंटला धोका सांगितलेला नाही, हे बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं. तेव्हा ते स्टूल ओढून बसले. गाठीमागून दोऱ्यासारखी बारीक नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसतो, बहुतेकांचा परत येतो, काहींचा नाही, असं त्यांनी सांगितलं. पण सुईच्या तपासणीत कॅन्सरचा संशय आहे, त्यामुळे गाठ तशीच ठेवणंही धोक्याचं. वेळ घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, नको वाटलं तर नाही म्हणा, असंही ते म्हणाले.

घरी काकूंनी चहावरून काकांना चांगलंच फैलावर घेतलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काकांचा जीव टांगणीला लागला होता. जेवताना मध्येच ते गळ्याला हात लावत आणि घास तसाच राहायचा. शेवटी एका दुपारी ते स्वतःच म्हणाले, "करून टाकू. मला कळलंय काय होऊ शकतं ते."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर सिस्टरनी नाव विचारलं, तर काका ओठ उघडायला धजेनात. अखेर बोलले तेव्हा नुसती हवा बाहेर पडली, खरखरीत. काकूंनी तोंड फिरवलं. सर्जन म्हणाले, थांबा, घाई करू नका.

गाठ वाईट निघाली नाही. आवाज हळूहळू आला, पण जाडाभरडा. वरची पट्टी गेली ती गेलीच. चढावर दमलेल्या ट्रकसारखा वाटतो, असं ड्रायव्हर म्हणतात आणि काकाही हसतात. साहेबांनी त्यांना माइकवर ठेवलं आहे.

तपासणीला जायचं म्हटलं की अजूनही ते घाबरतात. मागच्या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशननंतर सुरू केलेल्या गोळ्या वेळेवर घेता ना, असं विचारलं. काकू 'हो' म्हणणार तोच काका खाली मान घालून पुटपुटले की मध्ये काही दिवस घेतल्या नाहीत, मळमळतं. डॉक्टरांनी कशाबरोबर घेता ते विचारलं आणि गोळीची वेळ बदलून दिली. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर काकांनी गोळीची नवी वेळ काकूंना दोनदा वाचून दाखवली.