वेल्माची सुरी

पन्नाशी उलटल्यावर आमच्या केंटकीच्या डोंगरातल्या वेल्माने लोहारकाम शिकायला घेतलं. कुंपणाच्या सळईची तिने सुरी घडवली, पण धार काही टिकेना. शेजारचे म्हातारे लोहार एमेट हसले. "अगं, हे मऊ लोखंड. जन्मभर ठोकलंस तरी असंच राहणार!"

त्यांनी मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी आणून ग्राइंडरवर धरली. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या.

"अशा फुटल्या की कडक पोलाद समज. आणि तापवून तेलात बुडव, पाण्यात तडकेल."

त्या पट्टीच्या सुरीने वेल्माने हरणाचं मांस झरझर कापलं, शिजवलं आणि पहिलं ताट एमेटना नेऊन दिलं.

"काका, तुम्ही नसतात तर मी हातोडा कधीच टाकला असता."

"मीठ जास्त झालंय," एमेट म्हणाले आणि ताट चाटूनपुसून संपवलं.