पाणी असलं तर

मध्येच जाहिरात आली की माझा हात अजूनही दगड शोधतो. फोनवर बातमी वाचत असावं, वाक्य अर्ध्यावर असावं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दात दाखवत टूथपेस्ट विकायला यावं! मी त्या माणसाचा त्याच्या खानदानासकट उद्धार करते. बुलढाण्यात मी शिकवते त्या शाळेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. "मॅडम, एवढं काय त्यात?" असं बरोबरचे शिक्षक विचारतात. त्यांच्या बापाचा आवाज कुणी कापूनकुपून भोंग्यात कोंबला नव्हता, म्हणून विचारतात.

आमचं गाव जानेफळच्या बाजाराचं. बीटी कापूस तेव्हा नवा होता. आमच्या विहिरीखालच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागत होती आणि मी कॉलेजला सुट्टी टाकून वेचणीला येत होते. बियाण्याच्या कंपनीची माणसं आली ती त्याच दिवसांत. आईनं त्यांना पोहे केले. त्यांनी बाबांचा फोटो काढला आणि बोलणं भरून घेतलं. मी शेजारीच उभी होते, शब्द न् शब्द ऐकला आहे.

"माल चांगला आला," बाबा म्हणाले. "पण हे वलिताचं वावर आहे. विहिरीचं पाणी असलं तरच हे बियाणं लावा. कोरडवाहूनं याच्या नादी लागू नका."

बाबा तसेच होते. कुणाला रस्ता सांगितला तर पुढचा नालाही सांगायचे.

पुढच्या उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर, भोंगा लावलेली जीप गावात शिरली आणि बाबांच्या आवाजात ओरडू लागली: "माल चांगला आला. हे बियाणं लावा." बस्स. पाणी गेलं, विहीर गेली, कोरडवाहूही गेलं. बाबा गोठ्यात होते. हातातला कडबा टाकून ते जीपमागे धावले. "अबे थांबा! पाण्याचं काऊन नाही सांगत?" पण भोंग्यातल्या बाबांपुढे खऱ्या बाबांचा आवाज कुणाला ऐकू येणार? ड्रायव्हरला वाटलं, माणूस खूश झाला आहे. त्यानं हात हलवला आणि जीप पुढे काढली. जाता जाता त्याच लोकांनी आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर बाबांचा हसरा फोटो छापलेला पत्राही ठोकला. विचारलं कुणी नाही.

बाबा घरोघर गेले. पाणी असलं तरच लावा, असं सांगत फिरले. लोक हसले. "सोताचं घर भरलं, आता दुसऱ्याले नको म्हनते," असं शेजारच्या वावरातले काका म्हणाले. ते आणि बाबा लहानपणापासूनचे सोबती. बाबा आजवर कुणाशी खोटं बोलले नव्हते, तीच पंचाईत झाली. त्या विश्वासानं लोकांनी भोंग्याचं ऐकलं.

पावसानं मोठी उघडीप दिली. कोरडवाहू पऱ्हाटीची पाती गळाली, बोंडं सुपारीएवढी राहून वाळली. आमच्या वावरात विहिरीचं पाणी होतं. आमचं पीक हिरवंगार उभं होतं आणि ते रस्त्यावरून साऱ्यांना दिसत होतं.

मी बाबांबरोबर बाजारात गेले होते, तिथं लोकांनी त्यांना घेरलं. पहिला फटका काकांनी मारला, बैल हाकायच्या तुतारीनं, कानावर. "तुह्या बोलन्यावर पेरलं बे आमी!" मग कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या हातात वजनाचा लोखंडी तुकडा. कान फाटला, तोंडातून रक्त आलं, तरी बाबा एकच म्हणत होते, "मी पान्याचं बोललो होतो." सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले चाचा मध्ये घुसले आणि बाबांच्या अंगावर आडवे पडले. "मरून जाईन तो! सोडा बे!" चाचांच्या पाठीवरही चार बसले. मी एकाच्या मनगटाचा चावा घेतला होता. त्याच्या रक्ताची चव मला आठवते आणि आजही वाईट वाटत नाही.

बाबांना खाटेवर टाकलं. आई बाहेर गेली, गोठ्यातून पाटीभर शेण आणलं आणि भिंतीवरच्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर थापायला लागली. ज्या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याला अरेतुरे केलं नाही, ती त्याच्या डोळ्यांत, नाकात, दातांवर शेण भरत होती आणि दर थापेला कंपनीवाल्यांच्या आईबहिणी काढत होती. आत बाबांचा खरा चेहरा सुजून निळा पडला होता. त्या दिवशी मला माणूस मारता आला असता, असं मला खात्रीनं वाटतं.

बाबांना कुणाची माफी नको होती. आपण पाण्याचं बोललो होतो, एवढं गावातल्या एका तरी माणसानं मानावं, इतकंच हवं होतं. कुणी मानलं नाही.

आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच जीप, तोच आवाज! "माल चांगला आला." बाबांनी बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली. त्यांना बैलावर हात उगारतानाही मी पाहिलं नव्हतं. ते बोनेटवर चढले आणि टपावरच्या भोंग्यावर घाव घालत सुटले. "चूप! चूप बैस!" भोंगा चेपला तरी आतून त्यांचाच आवाज येत राहिला, घोगरा, चिरका. मी दगड घातला, काच फुटली, ड्रायव्हर कपाळ धरून पळाला. बाबांनी मग आत हात घालून टेप उपटून काढला आणि तो आवाज थांबेपर्यंत ठेचला. दिवसभर त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. घरी आले ते हलके होऊन आले, पोटभर जेवले.

ते हलकेपण फार टिकलं नाही. सोनाळ्याकडचे पाहुणे आले आणि कौतुकानं म्हणाले, "दाजी, तुमचा आवाज आमच्याकडं लय घुमून राह्यला." बाबा पानावरून उठले.

मागच्या वर्षी शाळेतल्या एका पोरसवदा शिक्षकानं माझ्या फोनवर जाहिराती अडवणारं काहीतरी टाकून दिलं. काय सुख ते! दात नाहीत, पंखे नाहीत, कर्ज नाही. एक दगड न मारता सगळे भोंगे बंद. मी ते घाईघाईनं गावी जाऊन बाबांच्या फोनवरही टाकलं. बाबा आता थकले आहेत. त्यांनी कीर्तन लावलं, ते शेवटपर्यंत न अडखळता चाललं.

"हे जाहिरातीचं कोनालेच दिसत नाही आता?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, फक्त तुमच्या फोनवर येत नाही."

"बाकीच्याले?"

"बाकीच्याले दिसतेच."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "मंग काढ ते. काय सांगून राह्यले लोकाले, मले आयकू दे."

मी चिडले, पण काढलं. तेव्हापासून ते संध्याकाळी ओट्यावर बसतात, आवाज पूर्ण मोठा करतात आणि प्रत्येक जाहिरातीला तोंडावर उत्तर देतात. केसाचं तेल असो, कर्ज असो, गाडी असो, ओरडून म्हणतात, "पाणी असलं तर!" आई कपाळावर हात मारते.

दिवाळीत मी गेले तेव्हा शेजारी काका बसलेले होते. तेही म्हातारे झाले आहेत. येतात, बसतात, त्या बाजाराबद्दल दोघं कधीच बोललेले नाहीत. कीर्तन थांबलं आणि फेटा बांधलेला एक शेतकरी पडद्यावर आला. पांढऱ्याशुभ्र वावरात उभा राहून, हसून म्हणाला, "हेच बियाणं लावा."

बाबांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी काकाच बोलले, नजर फोनवरच ठेवून.

"याचं काय कापलं असन गा त्याहीनं?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोन बंद करून बाजूला ठेवला आणि आईला दोन कप चहा मांडायला सांगितला.