गटारीला बुडालेला तास

आमच्या नवी मुंबईत फ्लेमिंगो खाडीत कमी आणि भिंतींवर जास्त. पुलाखाली, नाल्याच्या कठड्यावर, जिथे सपाट जागा दिसेल तिथे एक पाय वर करून उभेच. गेली काही वर्षं मी त्यांच्या समोरून ऑफिसला जातोय आणि या काळात चित्रांबद्दल माझं एकच मत होतं : "मस्त." आवडलं तरी मस्त, नाही आवडलं तरी मस्त. मुलगी बारावी झाली, तिने चित्रकलेच्या कॉलेजचं डोक्यात घेतलं, आणि एक दिवस म्हणाली, "पप्पा, मस्त सोडून दुसरं काय बोलता येतं का तुम्हाला?" लागलं मला ते. मी वाशीला, चित्र कसं पाहावं हे शिकवणाऱ्या सहा रविवारच्या वर्गात नाव घातलं.

पहिलाच रविवार निघाला गटारीचा. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, आणि माझी आई करावे गावच्या बाजारात मासे विकते. त्या दिवशी वर्गाला गेलो असतो तर तिने माझाच वाटा लावून विकला असता. दिवसभर तिच्या शेजारी उभं राहून पिशव्या भरल्या, पाय अगदी मोडून आले. एक तास बुडाला तर बुडाला, म्हटलं, पुढे भरून काढू.

पुढच्या पाच रविवारी शब्दच शब्द मिळाले. रेषा, पोत, छटा, तोल, लय, अवकाश. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांनी तेव्हा पाहिलं. सोसायटीच्या जिन्यात भिंतीवर हिरवट काळे डाग आले होते. मी थांबून म्हणालो, "काय पोत आहे!" सेक्रेटरी म्हणाले, "लीकेज आहे साहेब. तुमच्याच बाथरूमचं."

मग मुलीच्या चित्रांची फाइल द्यायची वेळ आली. सोमवारी कॉलेजात द्यायची होती, त्यावरच प्रवेश. त्यातलं सगळ्यात मोठं चित्र तिने शुक्रवारी माझ्यासमोर धरलं. बाजारात बसलेली तिची आजी, पुढे पाटीत मासे. "सांगा," ती म्हणाली.

पोरीने आपणहून विचारलं होतं. मी चष्मा पुसला आणि सुटलो. पापलेटवरची राखाडी छटा संयमित आहे. आजीच्या बाजूला भार जास्त झालाय, तोल जातोय. आणि हा उजवा कोपरा! नुसता एक पाट पडलाय. मेलेला अवकाश आहे हा, इथे काहीतरी टाक, एखादा टोप वगैरे. वीसेक मिनिटं मी बोलत होतो. आवाज मलाच आवडत होता.

तिने पेन्सिल घेतली आणि पाटावर टोप काढला. मग चित्र कपाटामागे सरकवलं. "हे नाही देत मी. फाइलच नाही देत." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायको एवढंच म्हणाली, "मस्त म्हणत होता तेच बरं होतं."

रविवारी दुपारी आई बाजारातून आली. हात पुसत कपाटामागून चित्र ओढलं आणि भिंतीला टेकवून समोर फतकल मारून बसली. बोटाने एकेक दाखवू लागली. "यी मी. लुगरं हिरवं. यो कोयता. यो पापलेट." बोट थांबलं. "यो कालचा हाय गो! डोला बग कसा बसलाय. असला मासा मी इकते?"

मुलगी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. ब्रश आणायला धावली.

"आनी यो टोप कुटना आला?" आई म्हणाली. "इथं त्यांचा पाट हाय ना?"

बाबांचा. आमच्या बाजारात विकायला बसतात त्या बायका. नोकरीतून सुटल्यावर बाबा आईशेजारी कोलंबी सोलायला बसू लागले तेव्हा सगळा बाजार हसला होता. ते खाली मान घालून सोलत राहिले. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पाट तिथेच आहे, त्यावर कोणी बसत नाही. गटारीच्या दिवशी मीसुद्धा पाय मोडेस्तोवर उभा होतो, तो त्या पाटापायीच. आणि त्याच पाटाला मी मेलेला अवकाश म्हणालो होतो.

"आजोबांचीच जागा सोडली होती मी," मुलगी म्हणाली. "पप्पा म्हणाले, काहीतरी टाक."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुला बापसाचा पाट नाय दिसला?"

मला इतकी लाज वाटली, की मी गॅलरीत जाऊन वर्गातल्या एका गृहस्थांना फोन लावला. पहिल्या रविवारी काय शिकवलं होतं?

"काही नाही हो," ते म्हणाले. "चित्रासमोर उभं राहायचं आणि काय काय दिसतं तेवढंच सांगायचं. मत द्यायला बंदी. फुकट गेला तो तास."

आत आलो तेव्हा पापलेट ताजा झाला होता आणि मुलगी रबराने टोप पुसत होती. फाइल टेबलावर उघडी होती. "आता?" तिने विचारलं, माझ्याकडे न बघता.

मी चित्रासमोर उभा राहिलो. "पाट दिसतोय," मी म्हणालो. "रिकामा आहे. उजवीकडे जास्त झिजलाय. बाबा उजवीकडे कलून..."

"राहू द्या, पप्पा," ती म्हणाली. "आज मस्त म्हणा."