कॉलरवरचा पत्ता

देवळाली कॅम्पात लॅम रोडला वाल्मीक खैरनारचं शिवणाचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक फौजी. तोफखान्याचं शिक्षण घ्यायला परदेशी अधिकारीही यायचे. १९९६ साली आफ्रिकेतल्या एका देशाचा कॅप्टन आला आणि परत जाताना दोन खाकी गणवेश शिवून घेऊन गेला. वाल्मीकने नेहमीप्रमाणे कॉलरच्या आत दुकानाच्या नावपत्त्याची पट्टी लावली. संबंध एवढाच.

वर्षभराने पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून त्याच्या बारावीतल्या लेकीने, तृप्तीने, डिक्शनरी घेऊन वाचून दाखवलं. कॅप्टनच्या गावातल्या वडीलधाऱ्यांनी ते लिहिलं होतं. देशात आपसातच लढाई पेटली होती. गाव सरहद्दीवर, नदीकाठी. पलीकडून बंडखोर होड्यांतून येत, धान्य नेत, कधी माणसंही. कॅप्टन रजेवर आला, गणवेश घालून काठावर फिरला, ते चार दिवस होडी आली नाही. मग त्याला राजधानीत बोलावणं आलं. त्याचा एक शर्ट घरी राहिला. त्यावरचा पत्ता पाहून गावाने ठरवलं, की जिथे असा शर्ट मिळतो तिथे बंदुकाही मिळत असणार. पहाऱ्याला चौदा जण आहेत, तरी चौदा बंदुका पाठवाव्यात. सात महिन्यांनी नदी उतरेल, मग ते लोक चालतच येतील.

"अहो, चुलीत घाला ते," कमळाबाई नवऱ्याला म्हणाली. "पोलीस आले म्हणजे काय सांगणार?"

वाल्मीकला ते पटलं. पण जमत नसेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगावं, ताटकळत ठेवू नये, असं त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. बाह्या आखूड करून घ्यायला पोलीस ठाण्यातला कारभारी हवालदार आला होता, त्यालाच त्याने पत्र दाखवलं आणि मजकूर सांगितला.

"बंदुका मागितल्यात. तू दिल्यास का?"

"नाही."

"देणार हायेस का?"

"माझ्याकडं कुठून येणार?"

"मग गुन्हा कुठंय, वाल्मीकभाऊ? शर्ट दे आधी."

त्या संध्याकाळी वाल्मीकने तृप्तीकडून उत्तर लिहून घेतलं. आमच्याकडे बंदुका मिळत नाहीत. गणवेश मिळतील. मापं पाठवावीत.

कमळाबाईने कपाळाला हात लावला. "त्यांच्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही मापं मागताय."

"अंग न बघता कात्री लावू? ढगळ कपड्यातला माणूस कुठं फौजी दिसतो? नदीपलीकडनंसुद्धा कळतं ते."

दोन महिन्यांनी पाकीट आलं. आत चौदा दोऱ्या होत्या, प्रत्येकीला गाठी. कुठली गाठ छातीची आणि कुठली बाहीची, हे कोणी लिहिलं नव्हतं. वाल्मीकने एकेक दोरी स्वतःच्या अंगाला लावून पाहिली आणि दोन दिवसांत हिशेब बसवला. एकाच्या गाठी त्याला काही केल्या जुळेनात. शेवटी लक्षात आलं, त्या माणसाचा एक खांदा उतरलेला असावा. त्याच्या शर्टाला त्या बाजूने आतून कापडाची घडी घातली.

महिनाभर देवळालीतल्या गिऱ्हाइकांनी टोमणे मारले, की आमच्या पँटीसुद्धा आफ्रिकेला धाडल्यास का. त्याने फीत, तारे, बिल्ले काही लावलं नाही. तो हक्क आपला नाही, असं त्याचं म्हणणं. खळ मात्र कडक दिली. पोस्टातल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, कपडे कशासाठी? घालायला, तो म्हणाला.

पुढे नदी उतरायचा महिना आला आणि गेला. पेपरात त्या देशाची बातमी कधीतरी चार ओळींत यायची, गावाचं नाव नसायचं. वाल्मीक शिवता शिवता मशीन थांबवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. कमळाबाई आता चुलीचं नाव काढत नव्हती. पोस्टमन दिसला की तीच आधी दारात जायची.

पत्र आलं ते दिवाळीनंतर. नदी उतरल्यावर ते लोक तीनदा काठापर्यंत आले. अलीकडे चौदा जण एका ओळीत पहारा देत होते. तिन्ही वेळा ते माघारी गेले. पुढे तक्रार होती. यंदा पीक घरातच राहिलं, त्यामुळे सहा जणांना पँटी कमरेत घट्ट होऊ लागल्या आहेत, तरी काय करावं?

"बंदुका मिळाल्या का त्यांना?" कमळाबाईने विचारलं.

तृप्तीने पत्र पुन्हा वाचलं. बंदुकांचं त्यात काही नव्हतं.

वाल्मीकने लगेच उत्तर सांगितलं. मागच्या शिवणीत दीड इंच कापड आत सोडलेलं आहे, तिथून उसवून घ्यावं. त्याहून जास्त खाऊ नये.