इसिकेली मास्तरांची यंगोना

इसिकेली मास्तरांचा फिजिक्सचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला तेव्हा फोनचा पडदा चौकोनांनी भरलेला असे. मग चौकोन गळू लागले. कुणाचा डेटा संपला, कुणाचा बाप म्हणाला आधी कसावा उपट, मग काय ते विश्व समजून घे.

अभ्यासक्रमही गळत होता. साथ लांबली तसतसा वरून निरोप येई, हे वगळा, ते वगळा. आधी चक्राकार गती गेली, मग लहरी गेल्या. लहरी म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. यंगोना, म्हणजे मुळं कुटून करतात ते मानाचं पेय, कालवायच्या लाकडी परातीत पाणी घेऊन ते दोन बोटांनी तरंग उठवून दाखवत. बायको वासिती म्हणाली, असंच चाललं तर शेवटी नुसती हजेरी शिकवायची राहील. मास्तर पोट धरून हसले. पुढच्या आठवड्यात हजेरीला एकच नाव उरलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

नाव होतं लितिया. नदीपलीकडच्या गावची, जहाजावर इंजिनियर व्हायचं म्हणणारी. तिच्या गावात सिग्नल मिळे तो फक्त रातूंच्या, म्हणजे गावप्रमुखांच्या, जुन्या घराच्या चौथऱ्यावर. तिथं बसून ती शिके. मध्येच कोंबडा आरवला की मास्तर त्याचीही हजेरी लावत.

आणि रातू वारले. शंभर रात्रींचं सुतक लागलं. गावात मोठ्यानं बोलायचं नाही, चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही. इकडे शुक्रवारी तोंडी परीक्षा, तीही ऑनलाइन. ती चुकली की लेखीला बसता येत नाही आणि वर्ष जातं.

परवानगी मागायची रीत मास्तरांना पाठ होती. यंगोनाच्या मुळांची जुडी न्यायची, वडीलधाऱ्यांपुढे मांडी घालायची, जुडी पुढे ठेवून मागणं बोलायचं. पण पुलावर पोलिसांचा नाका. सामान पलीकडे जाई, माणूस नाही. तेव्हा जुडी गेली, मास्तर राहिले. ट्रकवाल्याकडून त्यांनी मागणं घोकून घेतलं होतं. नाक्यावर त्यानं जुडी दुसऱ्याच्या हाती दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. शब्द वाटेतच सांडले.

गुरुवारी नाक्यावरून बोलावणं आलं. पलीकडे लितिया उभी होती, हातात नारळाच्या झावळ्यांची टोपली.

"मोठ्या काकांनी पाठवलंय, मास्तर. तुमची जुडी रातूंपुढे ठेवली. म्हातारे रडले. म्हणाले, मास्तरानं आमच्या दुःखात आठवण ठेवली."

टोपलीत अळूचे कंद आणि डुकराच्या मांसाचा वाटा होता. दुखवट्याला येणाऱ्याला देतात तो, मानाचा. मयताच्या घरी न बोलता आलेली यंगोना दुखवट्याचीच असते, हे त्यांच्या आजीनंही झोपेत सांगितलं असतं.

"पोरी, ती तुझ्यासाठी होती. चौथऱ्यावर बसू द्या म्हणून."

"मला वाटलंच होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळे रडत होते. त्यात मी सिग्नल मागू?"

आता पुन्हा मागणं म्हणजे दिलेला दुखवटा परत मागण्यासारखं. दोघांनाही ते कळत होतं. मावशीकडे चटया विणायला जाणार असल्याचं तिनं सांगितलं. पुढच्या वर्षाचं मास्तरांनी काढलं, तर तिनं टोपली पुढे सरकवली.

"मास्तर, लहरी राहिल्याच," ती म्हणाली. "दोन तरंग एकमेकांतून आरपार जातात, मग मोडत का नाहीत?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण पोलिसानं शिट्टी फुंकली. तो तरी काय करणार, गर्दी नको असा त्याला हुकूम. दोन माणसांची गर्दी पांगली.

वासितीनं मांस गरम केलं. मास्तरांनी एक घास घेतला आणि वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळेवर वर्ग उघडला. पडद्यावर एकच चौकोन होता, त्यात त्यांचंच तोंड. तरी त्यांनी परातीत पाणी ओतलं आणि दोन बोटं बुडवली.