रंगवालीचा हिरवा ठिपका

तिच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नव्हे. तिचं माहेर कुठलं, शाळा किती झाली, मला काहीच ठाऊक नाही. आमच्या इमारतीत सगळे तिला रंगवाली म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. पण तिच्यावर खटला झाला तेव्हा साक्षीला मी होतो, एवढ्यावरच हा धीर करतो आहे.

समोरच्या उंच इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर एका कंपनीचं नाव रंगवायचं काम तिला आणि तिच्या नवऱ्याला मिळालं होतं. तो दोरीच्या झुल्यावर बसून ब्रश चालवी. अक्षर खोलीएवढं, भिंतीला नाक लावून बसलेल्याला ते कुठे वळतं, कुठे संपतं, कळत नाही. म्हणून ती रस्त्याच्या अलीकडे आमच्या गच्चीवरून हिरव्या लेझरचा ठिपका भिंतीवर टाकी, आणि त्याचा ब्रश त्यामागून जाई. रहदारीत हाक पोचत नसे, तेव्हा बोलणंही ठिपक्यानेच. थरथरला की थांब. खाली ओढला की रंग ओघळतोय. आणि दिवस मावळताना ती भिंतीच्या माथ्यावरून, अर्धा आभाळात जाईल असा, मोठा गोल फिरवी. म्हणजे पुरे झालं, चला घरी.

विमानं आमच्या डोक्यावरून दिवसभर उतरत. कावळ्यांइतकंच त्यांच्याकडे आमचं लक्ष.

एका दुपारी दोन पोलीस गच्चीवर आले. आदल्या संध्याकाळी इथून एका विमानावर हिरवा उजेड पडला होता. कोणी टाकला?

"मी," जेवायला गच्चीवर आलेला तिचा नवरा लगेच म्हणाला.

रंगवालीने कपाळाला हात लावला. "तुम्ही दोरीला लटकला होतात. तिसरा हात फुटला होता का?" मग पोलिसांकडे वळून म्हणाली, "साहेब, लेझर माझा आणि हातही माझाच."

मला वाटलं, समज देऊन सोडतील. पण तिच्या वकीलबाईंनी सांगितलं की विमानावर लेझर जाणं हा गुन्हाच आहे. मुद्दाम केलं असं ठरलं तर काही वर्षं तुरुंग. मुद्दाम नव्हतं म्हटल्याने शिक्षा कमी होईल, पण सुटका होईलच असं नाही.

"मी आत गेले तर यांना भिंत कोण दाखवणार?" तिने विचारलं.

कोर्टात विमानाचा पायलट आला होता. शांत माणूस. तो म्हणाला, खाली ठिपका दिसतो तो वर पोचेपर्यंत पसरतो, काचेवर फुटतो आणि समोर सगळं हिरवं होतं. त्याला धावपट्टी दिसेना. विमान पुन्हा वर घेऊन, फेरी मारून उतरवावं लागलं. विमान माणसांनी भरलेलं होतं.

मग माझी पाळी. वकीलबाईंनी विचारलं, तिने विमानावर नेम धरलेला पाहिलात का?

"नाही," मी म्हणालो, "ती रोज नवऱ्याला घरी बोलवायची."

लोक हसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

वकीलबाईंनी तिला कमी बोलायला बजावलं होतं. ती पायलटकडे बघून एवढंच म्हणाली, "ठिपका भिंतीवर थांबायचा, म्हणून मला वाटायचं तो माझ्या मुठीत आहे. भिंत संपल्यावर तो कुठवर जातो, हे मी मनातसुद्धा आणलं नाही. चुकलं माझं."

न्यायाधीशांनी तिला दोषी ठरवलं. दंड झाला, लेझर जप्त झाला. तुरुंगाची शिक्षा मात्र स्थगित ठेवली. वर्षभरात पुन्हा असं घडलं तरच भोगायची. शिवाय लेझर वापरणाऱ्या कारागिरांना जाऊन हे सगळं सांगायचं.

"हिला हक्काचे श्रोते मिळाले," नवरा म्हणाला. बाहेर पायऱ्यांजवळ तो तोंड धुण्याच्या निमित्ताने बराच वेळ नळाशी उभा राहिला.

उरलेलं काम त्यांनी कानाला फोन लावून केलं. "डावीकडे. अहो, तुमची डावी, माझी नाही." हे आम्हाला दिवसभर ऐकू येई. शेवटचं अक्षर किंचित कललेलं आहे असं मला वाटतं, पण माझी नजर आता कितीशी खरी?

काम संपलं त्या दिवशी ती डबे उचलून खाली निघाली. पुढचं काम दुसऱ्या गावी होतं. त्यानंतर ती मला भेटली नाही.

"काका," जाताना जिन्यावरून ती म्हणाली, "गच्चीचं दार नुसतं लोटलंय. कडी लावून घ्या."

"लावतो. तू सावकाश उतर."