लाट नसलेली पुळण

आमच्या खाडीकाठच्या पुळणीवर लाट येत नाही. मुंबईहून आलेला भाचा काल म्हणाला, "मामी, हा कसला बीच? मेलेलं पाणी नुसतं!"

आज त्यालाही आम्ही काठावर घेऊन आलो. थोरल्या जाऊबाईंनी ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं आणि थुंकल्या. "मचूळच आहे अजून. आज बोय मिळेल."

पाणी खारं झालं की बोय मासळी खाडीत आत सरकते आणि दुसरीच मंडळी राहायला येतात. पुळण ओस मात्र कधी पडत नाही. "गावात आता उरलंय कोण?" असं विचारणाऱ्यांना मी एकदा इथे उभं करणार आहे.

आम्ही दोघींनी जुनं लुगडं टोकांना धरून पाण्यातून ओढलं. चार बोयी आल्या आणि नखाएवढी पिल्लं कितीतरी. पिल्लं सुटेपर्यंत लुगडं पाण्याबाहेर काढायचं नाही, ही आमची रीत. लाटांच्या माऱ्यात ही जगली असती का? लाट नाही म्हणून तर इथे वाढतात.

लुगडं खाली केलं. ओहोटी लागली होती, सगळं पाणी समुद्राकडे ओढलं जात होतं. पिल्लं गर्रकन उलटी वळली आणि धारेला तोंड देऊन जागच्या जागी पोहत राहिली.

"बघ," मी भाच्याला म्हटलं, "तुझं मेलेलं पाणी."